कर कापला की लगेच ‘ए’? कॅन्ससच्या गव्हर्नरचं प्रगतिपुस्तक

प्रेअरीवासी:
वॉशिंग्टनची केटो इन्स्टिट्यूट ही धोरणांचा अभ्यास करणारी संस्था दर दोन वर्षांनी अमेरिकेतल्या गव्हर्नरांना ‘ए’ ते ‘एफ’ अशी श्रेणी देते. (आपले राज्यपाल डोळ्यांसमोर आणू नका. इथला गव्हर्नर निवडून येतो आणि मुख्यमंत्र्याचं काम करतो.) कर आणि खर्च जितका कमी, तितके गुण जास्त. कॅन्ससच्या सॅम ब्राउनबॅक यांना २०१२ आणि २०१४ मध्ये ‘ए’ मिळाला, २०१६ मध्ये ‘डी’. तोच माणूस. मग आधीचा ‘ए’ कशाचा होता?

मी तेव्हा कॅन्ससमध्ये, मिसुरीच्या सीमेजवळच्या ओव्हरलँड पार्कला राहत होते. २०१२च्या कायद्याने आयकराचा वरचा दर ६.४५ वरून ४.९ टक्क्यांवर आला आणि एलएलसीसारख्या (मर्यादित जबाबदारीच्या खासगी कंपन्या) धंद्यांच्या नफ्यावरचा राज्याचा आयकर साफ माफ झाला. पगारदाराने कर भरायचा, तेच काम एलएलसी काढून करणाऱ्याने नाही! तिजोरीला खड्डा पडला, तेव्हा २०१५ मध्ये विक्रीकर ६.१५ वरून ६.५ टक्के केला. हा कर किराण्यावरही पूर्ण लागायचा. कणीक, दूध, तांदूळ, सगळ्यावर. शहराचा आणि कौंटीचा कर आणखी वेगळा. स्टेट लाइन रोड ओलांडला की मिसुरी, तिथे किराण्यावर राज्याचा कर १.२२५ टक्के. महिन्याची कणीक आम्ही पलीकडून आणायचो. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याने काय करायचं?

हिशेबी:
ताई, किराण्याचं पटलं. पण दोष करकपातीचा नाही, खर्चाला हात न लावण्याचा आहे. मी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेला असतो. नॉर्थ कॅरोलायनाने २०१३ मध्ये वरचा ७.७५ टक्के दर काढून सरसकट ५.८ केला, पण सोबत बऱ्याच सवलती काढल्या आणि विक्रीकराची व्याप्ती वाढवली. कंपन्यांवरच्या कराची पुढची कपात महसूल ठरलेल्या आकड्याला पोचला तरच, अशी अट घातली. तिजोरी बुडाली नाही. शिवाय कॅन्सस म्हणजे गहू आणि तेल, दोन्हीचे भाव तेव्हा पडले. बाजारभावासाठी गव्हर्नरला नापास कसं करणार? म्हणूनच परिणाम न बघता धोरणाला गुण देणं मला रास्त वाटतं.

विचिटाची_मास्तरीण:
तेलाचं कारण इथे लागू होत नाही. तेल घसरलं २०१४च्या उत्तरार्धात. कॅन्ससचा महसूल जून २०१४ला संपलेल्या आर्थिक वर्षातच सुमारे ७० कोटी डॉलरने घटला होता, आणि मूडीज या पतमापन संस्थेने राज्याचं पतमानांकन त्याच वसंतात खाली आणलं होतं.

आणि खर्चाला हात लावला नाही म्हणता? २०१५ मध्ये शाळांचा निधी ठोक अनुदानात गोठवला. त्या वर्षी पैशाअभावी काही शालेय जिल्ह्यांनी (शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांनी) शाळा ठरल्यापेक्षा आधी बंद केल्या. मे महिन्यात फळ्यावर उजळणीचं वेळापत्रक लिहायचं, त्या दिवसांत तिथली मुलं घरी. केटोच्या हिशेबात ही बचत आहे. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निधी अपुरा ठरवला.

हिशेबी:
तारखांचं मान्य, मी मागे घेतो. एलएलसीची माफीही चूकच होती. ती देताना दुसरीकडून भरपाई केली नाही. पण जून २०१७ मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार झुगारून तो कायदा फिरवला आणि आयकर वाढवला, तेही ब्राउनबॅक यांच्याच पक्षाच्या अनेक आमदारांच्या मतांनी. म्हणजे सुधारणा झाली. एका कॅन्ससवरून कमी कराची कल्पनाच टाकून देऊ नका.

प्रेअरीवासी:
कल्पना टाकत नाहीये. गुण कधी द्यायचे, ते विचारतेय. कायद्यावर सही झाली त्याच वर्षी ‘ए’ दिला, तर खड्डा बुजवायला रस्त्यांच्या निधीतून वर्षानुवर्षं उचललेले पैसे कुठल्या रकान्यात धरायचे? आणि किराण्यावरचा राज्याचा कर शून्य व्हायला १ जानेवारी २०२५ उजाडावं लागलं. मधली दहा वर्षं किराण्यावर कर भरणाऱ्यांचे गुण कोण मोजणार?

हिशेबी:
रस्त्यांच्या निधीचे गुण कापा, माझी हरकत नाही. पण मग कर वाढवून तोच पैसा उधळणाऱ्या गव्हर्नरचेही त्याच रकान्यात कापा.