मदत हवी आहे: २००२ च्या मियाटात १९९५ चा पाच गिअरांचा गिअरबॉक्स

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत असतो. गाडी माझदा मियाटा, २००२ ची, म्हणजे दुसरी पिढी (एनबी). १.८ लिटर इंजिन, सहा गिअरांचा मॅन्युअल. दोनच सीटा, डिकीत धड एक बॅग मावत नाही, घरच्यांचं मत विचारू नका.

दुखणं असं की तिसरा गिअर थंडीत पडतच नाही नीट. जोर लावला तर कर्रर्र आवाज, दोनदा क्लच दाबून टाकला तर जातो. तेल बदलून झालं (७५डब्ल्यू-९०, जीएल-४ च घातलं, जीएल-५ मधली गंधकाची द्रव्यं पितळी सिंक्रोला (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) बाधतात म्हणून मुद्दाम सांगतोय). क्लच पूर्ण सुटतोय, स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) नवा आहे. तेव्हा सिंक्रोच गेलाय असं मी धरून चाललोय. गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करायचा जो आकडा कानावर आला, तो ऐकून विषय तिथेच संपवला.

आता ओळखीतल्या एकाकडे १९९५ ची मियाटा सुट्या भागांत निघतेय. मागून ठोकलेली, पण इंजिन-गिअरबॉक्स शाबूत. ठोकायच्या आधी ती मी चालवलेली आहे. पाच गिअरांचा तो दांडा मनगटाच्या हिसक्यात पडतो, माझ्या सहाच्या दांड्यात ती मजा कधीच नव्हती. म्हणून तोच माझ्या गाडीत बसवायचा विचार आहे. इंटरनेटवर पाहावं तर सगळा उलटा प्रवास: जुन्या गाडीत नवा सहाचा बसवणारे. त्यातले बरेचसे टर्बोवाले, ज्यांना पाचचा गिअरबॉक्स फुटायची भीती. माझं इंजिन कंपनीतून आलं तसं आहे आणि तसंच राहणार.

खरा घोळ गुणोत्तरांचा आहे, तो जरा सविस्तर मांडतो. माझ्या सहाच्या गिअरबॉक्सला मागे ३.९०९ चं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांमधला गिअरांचा डबा) आहे. सहाचा पहिला गिअर ३.७६०, शेवटचा ०.८४३. पाचचा पहिला ३.१३६, शेवटचा ०.८१४. म्हणजे डिफरन्शियल न बदलता पाचचा बसवला तर पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर १४.७० वरून १२.२६ वर येतं. सिग्नलवरून उठताना गाडी आळशी होणार, आणि चढावर क्लच जास्त घासावा लागणार. हायवेवर मात्र फायदा: ताशी ७० मैलांना सहाव्यात साधारण ३,३०० आरपीएम असतात, ते पाचव्यात ३,२०० च्या आसपास येतील. (हिशोब २०५/४५ आर १६ टायर धरून.) शिवाय गंमत म्हणजे आत्ता ताशी ६० मैल गाठायला तिसरा टाकावाच लागतो, पाचच्यात ते दुसऱ्यातच ६,४०० च्या आसपास होऊन जातं. मित्रांसमोर फुशारकी मारायला बरं.

त्या १९९५ च्या गाडीला मागे ४.१ चं डिफरन्शियल आहे. तेही उचललं तर पहिला १२.८६ आणि पाचवा ३.३४ होतो. माझा आत्ताचा सहावा ३.३० आहे, म्हणजे हायवेवर जवळपास जैसे थे. मग डिफरन्शियलसकट घ्यावं की फक्त गिअरबॉक्स? काम वाढतं, पैसेही.

दुसरी शंका स्पीडोमीटरची. जुन्या गाडीत गिअरबॉक्समधून केबल निघून थेट मीटरला जाते, माझ्या गाडीत गिअरबॉक्सवर इलेक्ट्रिक सेन्सर आहे. इथल्या तपासणीत चेक इंजिनचा दिवा लागलेला असला की गाडी नापास, त्यामुळे इथे जुगाड चालणार नाही.

ज्यांनी हे केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सांगावं. "नवी गाडी घे" हा सल्ला घरात रोज मिळतो.

प्रतिसाद: पाना१०

दादा, घ्यायचंच तर अख्खी रांग घ्या: गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (तिथून मागे जाणारा दांडा), डिफरन्शियल, हाफ शाफ्ट (तिथून चाकांना जाणारे दांडे) आणि मधली ॲल्युमिनियमची लांब चौकट. या गाडीत गिअरबॉक्सखाली क्रॉसमेंबर नसतो. त्याचं शेपूट त्या चौकटीने डिफरन्शियलला बांधलेलं असतं. एकाच गाडीतलं सगळं आलं की लांबीची नि फ्लँजची कटकट उरत नाही. बसवताना शेपटाची उंची मॅन्युअलप्रमाणे मोजून मगच चौकटीचे बोल्ट आवळा, नाहीतर कंपनं मागे लागतील. बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सचं इंजिनला जोडणारं घंटेसारखं तोंड) वरचे बोल्ट हा छळ आहे. इंजिनचा मागचा भाग खाली झुकवून, लांब एक्स्टेन्शन लावून मागूनच हात घालावा लागतो.

केबलचा तुकडा काढून त्या भोकात तुमच्या गाडीचा सेन्सर लावा. तो नसला किंवा तार सुटली तर पी०५०० हा वेग-सेन्सरच्या बिघाडाचा कोड येतो आणि तुमचा दिवा लागतो. आणखी एक, ४.१ लावलंत की मीटर पाचेक टक्के जास्त दाखवेल, खरे ६० असताना ६३. सेन्सरच्या टोकाचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक जास्त दातांचं लावलं की ठीक होतं. रिव्हर्स दिव्याचा आणि न्यूट्रलचा स्विच, दोन्हीचे प्लग आधीच जुळवून पाहा.

प्रतिसाद: निवांत_एक्का

मी असतो तर वापरलेला सहाचाच शोधला असता. एक गिअरबॉक्स काढा, दुसरा लावा, संपलं. हौसेला मोल नाही हे मान्य, पण डिफरन्शियल उतरवण्याच्या कामात शनिवार-रविवार जातो, तोही लिफ्ट असेल तर.

मूळ लेखक

पाना१०, मनापासून आभार. अख्खी रांगच घेतो, मालकही एकरकमी द्यायला तयार आहे. निवांतराव, वापरलेला सहाचा पाहिला होता, पण त्याचा तिसरा कसा आहे हे कोणी छातीठोक सांगेना. पाचचा मी स्वतः चालवलाय. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील एकदम बदलून टाकेन. ते डिफरन्शियल साधं आहे की टॉर्सन (पकड असलेल्या चाकाला जास्त जोर देणारं), हे न उघडता कसं ओळखायचं?

प्रतिसाद: पाना१०

मागची दोन्ही चाकं उचला, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेने फिरलं तर साधं, त्याच दिशेने फिरलं तर टॉर्सन. टॉर्सन निघालं तर मालकासमोर चेहरा कोरा ठेवा आणि पैसे लगेच देऊन टाका. आणि गिअरबॉक्सचं तेल तिथेच काढून बघा. पितळेची बारीक चकाकी थोडी चालते, पण पोलादाचे कण बोटाला टोचले तर तो गिअरबॉक्स घेऊ नका.