बायोडेटात "व्हीएमसी ऑपरेटिंग व सेटिंग" लिहिलंय, तरी फोन येत नाहीत. नेमकं काय लिहायचं?

भोसरी_मशिनिस्ट

आयटीआय मशिनिस्ट, मग एक वर्ष अप्रेंटिस, त्यानंतर तीन वर्षं व्हीएमसीवर (कॉम्प्युटरने चालणारं उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन), कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर. चाकण किंवा तळेगावला सेटर-कम-ऑपरेटरची जागा बघतोय. बायोडेटात सध्या असं आहे: "व्हीएमसी ऑपरेटिंग व सेटिंग, प्रोग्रॅमिंगचं ज्ञान, सर्व मेजरिंग इन्स्ट्रुमेंट्स, क्वालिटीची माहिती, मेहनती, टीमवर्क." कन्सल्टंट म्हणतो, स्पेसिफिक लिहा. पण किती स्पेसिफिक? सगळं लिहिलं तर दोन पानं होतात. आणि एकाच कंट्रोलचं (मशीनच्या कॉम्प्युटरचं), एकाच जॉबचं (म्हणजे पार्टचं) नाव टाकलं तर "याला एवढंच येतं" म्हणून बाकीच्या जागा हातच्या जातील अशी भीती वाटते.

जुना_सेटर

"ऑपरेटिंग व सेटिंग" या तीन शब्दांत चार-पाच वेगवेगळ्या पगारांची कामं कोंबली आहेत. जॉब लोड-अनलोड करून सायकल स्टार्ट दाबणं हे एक. इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार) बदलून वेअर ऑफसेट (टूल झिजल्याची दुरुस्ती) देणं हे त्याच्या वरचं. फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी जोडणी) टेबलवर घेऊन डायल लावून सरळ करणं, जी५४ (जॉबचा शून्य बिंदू) घेणं, सगळ्या टूलची लेंथ घेणं आणि पहिला पीस क्वालिटीकडून पास करून आणणं, याला सेटिंग म्हणतात. चालू प्रोग्रॅममध्ये फीड-स्पीड बदलणं वेगळं, कोऱ्या ड्रॉइंगवरून प्रोग्रॅम लिहिणं वेगळं आणि कॅम सॉफ्टवेअरवर टूलपाथ (टूलचा मार्ग) काढणं त्याहून वेगळं. तुमचा हात कुठपर्यंत पोचतो ते लिहा आणि तिथेच थांबा. "प्रोग्रॅमिंगचं ज्ञान" हे तर आधी खोडा. ते वाचून कोणीही पुढ्यात ड्रॉइंग ठेवतो.

त्याऐवजी एक ओळ अशी: "३ ॲक्सिस व्हीएमसी, बीटी४० स्पिंडल, फानुक ०आय-एमएफ. एडीसी१२ कास्टिंग आणि एफजी२६० हाउसिंग. फिक्स्चर अलाइनमेंट, जी५४, टूल लेंथ, फर्स्ट पीस स्वतः. प्रोग्रॅममध्ये फीड, स्पीड व खोलीची दुरुस्ती. नवीन प्रोग्रॅम नाही." मशीन, कंट्रोल (इथे फानुक), मटेरियल (एडीसी१२ म्हणजे ॲल्युमिनियम, एफजी२६० म्हणजे बीड), जॉबचा प्रकार, काय स्वतः करता, काय नाही. सुपरवायझर दहा सेकंदांत ठरवतो.

लिहिलेलं तपासतात, हेही लक्षात ठेवा. बोअर (मापात केलेलं भोक) लहान येतोय म्हटलं तर काय कराल? इथे नव्वद टक्के लोक "ऑफसेट देईन" म्हणून मोकळे होतात. एंडमिलने जी४१ (टूलच्या त्रिज्येची भरपाई) लावून गोल फिरवून बोअर करताय, डी (टूलच्या मापाचा आकडा) रेडियसमध्ये भरलाय आणि बोअर व्यासात ०.०२ लहान आहे, तर डीच्या वेअरमध्ये उणे ०.०१ द्यायचं. पण फिनिशिंग बोरिंग बारने होत असेल तर डी बदलून काहीही होणार नाही, बारचा स्क्रू फिरवून साइज आणावी लागते. दुसरा नेहमीचा प्रश्न टॅपिंगचा, म्हणजे भोकात आटे पाडण्याचा. एम८ × १.२५ ला (८ मिमी आटे, पिच १.२५) ड्रिल ६.८. रिजिड टॅपिंगला (स्पिंडल आणि फीड जुळवून केलेलं) एम२९ देऊन जी८४ हे कोड, ८०० आरपीएमला फीड १०००, कारण फीड म्हणजे पिच गुणिले आरपीएम. टॅपिंग तुम्ही स्वतः सेट केलं असेल तर ते बायोडेटात आलंच पाहिजे. टॅप तुटून पीस भंगारात जातात, म्हणून त्या माणसाला किंमत असते.

भीतीचं म्हणाल तर फानुकवाल्याला सीमेन्सवर आठवड्याभरात बसवता येतं, हे शॉपफ्लोअरवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्याला कुठलाच कंट्रोल नीट येत नाही त्याला कोण बसवणार?

गेज_रूम

"सर्व मेजरिंग इन्स्ट्रुमेंट्स" वाचलं की क्वालिटीचा माणूस हसतो. सर्व म्हणजे सीएमएमपण (कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन) का?

इन्स्ट्रुमेंटचं नाव, लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप), आणि त्याने काय मोजता ते लिहा. टॉलरन्स आणि इन्स्ट्रुमेंट जुळत नसतील तर खोटं तिथेच उघडं पडतं. ४० एच७ बोअर म्हणजे ४०.००० ते ४०.०२५, एकूण पट्टा २५ मायक्रॉन. "एच७ बोअर मशिनिंग" लिहून खाली फक्त ०.०२ चं व्हर्निअर दिसलं तर प्रश्न येणारच की बोअर पास कशाने केला. लीस्ट काउंट टॉलरन्सच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हवा, म्हणजे इथे ०.००१ किंवा ०.००२ च्या डायलचा बोअर गेज. तो मास्टर रिंगवर (ठरलेल्या मापाची रिंग) सेट करता का मायक्रोमीटरवर, हेही विचारतील. गो-नोगो प्लगने (एक टोक आत जायला हवं, दुसरं नको) तपासत असाल तर तसंच लिहा, त्यात कमीपणा नाही. फक्त प्लग आकडा सांगत नाही, त्यामुळे साइज हळूहळू कुठे सरकतेय ते कळत नाही. हा फरक सांगता आला की समोरचा खूश.

ॲल्युमिनियमवर काम केलंय तर आणखी एक प्रश्न ठरलेला: मशिनवर ओके असलेला पीस गेज रूममध्ये लहान का भरतो? १०० मिमी ॲल्युमिनियम १० अंशांनी गरम असेल तर साधारण २३ मायक्रॉन वाढलेलं असतं. पीस गार होऊ द्यायचा, मग मोजायचा.

"क्वालिटीची माहिती" काढून टाका. कुठला रिपोर्ट स्वतः भरता ते लिहा: फर्स्ट पीस, दर तासाची तपासणी, जे असेल ते.

भरती_विभाग

एकच पान. पहिल्या तीन ओळींत जागेचं नाव (व्हीएमसी सेटर-कम-ऑपरेटर), अनुभव, मशीन-कंट्रोल, आणि कधी रुजू होऊ शकता. मेहनती, प्रामाणिक, टीमवर्क या ओळी आम्ही वाचत नाही. त्यांच्या जागी तिन्ही शिफ्टची तयारी आणि राहण्याचं ठिकाण लिहा, बसचा रूट त्यावर ठरतो.

कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर असाल तर तसंच लिहा: "कॉन्ट्रॅक्टरमार्फत, ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात." मोठ्या कारखान्याचं नाव थेट मालक म्हणून टाकलं की पीएफच्या पासबुकात वेगळंच नाव निघतं, आणि काम येत असूनही फाइल अडकते. अनुभवाचं पत्र मिळत नसेल तर यूएएनची (पीएफच्या कायम नंबरची) सर्व्हिस हिस्टरी आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. आयटीआयच्या एनटीसीबरोबर (ट्रेड सर्टिफिकेट) अप्रेंटिसशिपचं एनएसी (अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट) आहे का, ते वेगळं लिहा. बरेच जण विसरतात.

आणि पुरावा म्हणून जॉबचे किंवा ड्रॉइंगचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. ग्राहकाचं ड्रॉइंग बाहेर काढणारा माणूस आमच्याकडेही तेच करेल, असाच विचार होतो.

भोसरी_मशिनिस्ट

धन्यवाद सगळ्यांना. असं केलंय, बघा:

"व्हीएमसी सेटर-कम-ऑपरेटर, ३ वर्षं (कॉन्ट्रॅक्टरमार्फत). ३ ॲक्सिस, फानुक ०आय-एमएफ. एडीसी१२ कव्हर व हाउसिंग. फिक्स्चर डायलिंग, जी५४, टूल लेंथ, फर्स्ट पीस. एम६, एम८ रिजिड टॅपिंग सेटिंग. एच७ बोअर, डायल बोअर गेज ०.००१, मास्टर रिंगवर सेटिंग. प्रोग्रॅम एडिटिंग. रिजेक्शन कमी केलं. एनटीसी व एनएसी दोन्ही. तिन्ही शिफ्ट."

जुना_सेटर

बरंच सुधारलं. दोन ठिकाणी अजून ढिलं आहे. "प्रोग्रॅम एडिटिंग"मध्ये काय बदलता ते दोन शब्दांत टाका. आणि "रिजेक्शन कमी केलं" हे एकतर पूर्ण लिहा, कुठला दोष, कशामुळे येत होता, काय बदललं (उदा. टॅपची खोली कमी भरत होती, ब्लाइंड होलमध्ये चिप साठत होती, ड्रिल २ मिमी खोल नेलं), नाहीतर काढा. टक्केवारी रजिस्टरमध्ये पाहिलेली असेल तरच घाला. खोली वाढवताना खालची भिंत किती उरते ते ड्रॉइंगवर बघितलं होतं का, हे विचारतील. त्याचं उत्तर तयार ठेवा.