बर्ड्सनेस्ट कोरलची टोकं पांढरी पडतायत, टॉर्च कोरल उघडत नाही, पाण्यात नक्की काय बिघडलंय?

खारंपाणी:
नमस्कार मंडळी, मी ह्यूस्टनला असतो, ७५ गॅलनचा रीफ टँक (कोरल असलेला खाऱ्या पाण्याचा टँक) आहे. गेल्या काही आठवड्यांत बर्ड्सनेस्टची टोकं पांढरी होऊन आतला सांगाडा दिसायला लागलाय, मोंटिपोरा कोरल फिकट पडलाय आणि टॉर्च दिवसभर अर्धवटच उघडतो. मासे मात्र ठणठणीत. कालची टेस्ट: सॅलिनिटी (खारटपणा) ३५ पीपीटी, तापमान २५.५, अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) ११.४ डीकेएच, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट ०, फॉस्फेट ०. लाइटला हात लावलेला नाही. पाणी तर एकदम स्वच्छ आहे, मग कोरल का रुसलेत?

प्रवाळप्रेमी:
दादा, जास्तच स्वच्छ आहे हो, तिथंच गडबड वाटते मला. अल्कलिनिटी ११.४ आणि त्याच्यासोबत नायट्रेट-फॉस्फेटची दोन शून्यं, ही जोडी टोकं जाळण्यासाठी प्रसिद्ध आहे. समुद्रात अल्कलिनिटी साधारण ७ असते. ती वाढली की सांगाडा भराभर बनायला लागतो पण वरच्या मांसाला वाढायला नायट्रोजन-फॉस्फरस लागतं, ते पाण्यात नाहीच, त्यामुळे टोकं उघडी पडतात असं बरेच जुने रीफवाले मानतात आणि मलाही ते पटतं. मोंटिपोरा फिकट होणं पण त्यातलंच, कोरलच्या आत राहणारं शैवाल उपाशी राहतंय. जीएफओ (फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे दाणे) चालू आहे का? आणि मीठ कुठल्या प्रकारचं?

खारंपाणी:
हो, जीएफओ चालू आहे. मिठाच्या बादलीवर अल्कलिनिटी ११ ते १२ छापलंय.

प्रवाळप्रेमी:
मग प्रत्येक वेळी पाणी बदललं की आकडा परत वर जाणारच. जीएफओ काढा, माशांना थोडं जास्त खायला घाला, नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ दिसू दे. ८-८.५ वाल्या मिठावर हळूहळू या, डोसिंग (अल्कलिनिटी वाढवणारं द्रावण घालणं) करत असाल तर कमी करा, पण दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त उतरू देऊ नका, आकडा चुकीचा असण्यापेक्षा झटका जास्त मारतो. शून्यावर फार दिवस राहिलात तर वाळूवर बुडबुडेवाला तपकिरी चिकट थर येतो, डायनो नावाच्या सूक्ष्मजीवांचा, तो घालवायला फार त्रास होतो.

लाटांवर:
वरचं सगळं बरोबर, फक्त टॉर्चचं मला वेगळं वाटतंय. रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं साधन) साध्या पाण्यावर शून्य करता की ३५ पीपीटीच्या सोल्यूशनवर जुळवता? ३५ वालं घेऊनच करा, नाहीतर दोन-तीन पीपीटीचा फरक सहज पडतो आणि टॉर्च लगेच आखडतो. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असेल तर आरओच्या साध्या कार्बनने ते नीट जात नाही, तेही तपासा. आणि टॉर्चच्या मांसावर तपकिरी जेलीसारखं काही दिसलं तर वाट बघू नका, तेवढं डोकं (टॉर्चची तेवढी फांदी) कापून वेगळ्या पाण्यात ठेवा, शेजारच्या डोक्यांना लागायला वेळ लागत नाही.

खारंपाणी:
जेली नाही दिसत अजून. सोल्यूशन मागवतो, जीएफओ आत्ताच काढलं.