एसी, सोलर नंतर बघा, आधी छत थंड करा!

वऱ्हाडी_गच्ची:
अकोल्यात राहतो, टॉप फ्लोर, टू बीएचके. एप्रिल आला की घरात एकच विषय, एसी घ्यायचा का, आणि यंदा तर मोठा भाऊ मागे लागलाय की सोलरच लाव एकदाचं. माझं म्हणणं, ऊन जिथून घरात शिरतं ते आधी अडवा, मग मशीनवर पैसे घाला. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात रात्री नऊला स्टुलावर चढून छताला हात लावला तर चटका बसला, म्हणजे दिवस मावळून दोन तास झाले तरी स्लॅब भट्टीसारखा तापलेला आणि फॅन तीच गरम हवा खाली लोटतोय. गेल्या मार्चमध्ये गच्चीला चुन्याचे दोन हात मारले, दीड हजाराच्या आत काम झालं. आता त्याच वेळी हात लावला तर कोमट लागतं. कूलर रात्रभर चालायचा तो दोन-अडीचला बंद करतो. सोबत हॉल आणि बेडरूमचे फॅन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, केले. जुना ७५ वॅटचा, नवीन ३० च्या आसपास, दिवसाला १५ तास धरले तर एका फॅनमागे महिन्याला २० युनिट. आणि वाचलेलं युनिट बिलाच्या वरच्या टोकातून जातं हे कुणी बघतच नाही. महावितरणचे टप्पे १००, ३००, ५०० युनिट असे आहेत, वरच्या टप्प्याचा दर जास्त, ३४० चे ३०० झाले तर गेलेले ४० च्या ४० युनिट महाग टप्प्यातले, वर त्यांच्यावरचा वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि १६ टक्के वीज शुल्कही वाचलं.

नाशिकचं_ऊन:
दादा, पटलं नाही. वीस युनिट इथे, तीस तिथे करत बसण्यापेक्षा एकदाच ३ किलोवॅट सोलर लावा. किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट धरा, महिन्याला साडेतीनशेच्या घरात जातं. सूर्यघर योजनेत केंद्राची ७८ हजार सबसिडी आहे. आमच्या आईला गुडघ्यांचा त्रास, उकाड्यात झोप नाही, सोलर लागल्यापासून ती बिलाची भीती न बाळगता एसी लावते. म्हाताऱ्या माणसाला 'फॅनवर भागव' असं मी तरी सांगणार नाही.

वऱ्हाडी_गच्ची:
आईंना एसी हवाच, त्यावर वादच नाही. पण तुमचा बंगला आहे, गच्ची तुमची. इथे गच्ची सोसायटीची, फ्लॅट सोळा, प्रत्येकाने तीन किलोवॅट म्हटलं तर पॅनल ठेवायचे कुठे? सोसायटीला सबसिडी मिळते ती किलोवॅटमागे १८ हजार, तीही लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा कॉमन वापरासाठी. चुन्याला मात्र सेक्रेटरी एका दिवसात हो म्हणाले. आणि तुमच्या एसीलाही तापलेल्या छताशीच झगडावं लागतं ना, तिथेही चुना मारून बघा, कॉम्प्रेसर किती कमी वेळ चालतो ते कळेल.

पिंपरीकर७१:
चुन्याचं ठीक, बीएलडीसीचं एवढं कौतुक नको. मी चार बसवले, आमच्याकडे व्होल्टेज वरखाली होतं, दोन वर्षांत दोघांचे सर्किट बोर्ड गेले. एक वॉरंटीत बदलून मिळाला, दुसऱ्याला कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने हातच लावला नाही, म्हणे कंपनीचाच बोर्ड लागतो. जुना फॅन कपॅसिटर बदलला की पुन्हा दहा वर्षं चालतो. त्यातून पाहुण्यांच्या खोलीतला फॅन दिवसाला दोन तासही फिरत नाही, तिथे तीन हजार घातले ते वसूल कधी होणार? ही माझी चूक झाली, तुम्ही करू नका.

वऱ्हाडी_गच्ची:
हे मान्य. जो फॅन सतत फिरतो तोच बदलावा, मीही दोनच बदललेत.

भाड्याचं_घर:
तुम्ही सगळे स्वतःच्या घरातले बोलताय. आम्ही तिसऱ्या वर्षी घर बदलतो, मालक गच्चीला चुना कशाला मारेल, बिल तर आम्ही भरतो. पश्चिमेची भिंत आमच्या बेडरूमची, दुपारी तीननंतर खोलीत पाय ठेववत नाही. यावर कुणी बोलतच नाही आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

नाशिकचं_ऊन:
ताई, तुमचा मुद्दा खरा आहे, सोलरवाल्यांकडे याला उत्तर नाही.

वऱ्हाडी_गच्ची:
ताई, फॅन तुमचा, घर सोडताना काढून न्यायचा, मालकाचा जुना जपून ठेवा आणि परत लावून द्या. पश्चिमेला ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे, आतल्या पडद्याने फार फरक पडत नाही कारण काचेतून आलेली उष्णता खोलीतच राहते. आमच्याकडे खिडकीला बाहेरून वाळ्याची ताटी बांधतात, दुपारी दोनदा पाणी मारायचं. ग्रिलला सुतळीने बांधली तर भिंतीला खिळाही लागत नाही. चुन्यासाठी मालकाला विचारून तर बघा, सामान तुमचं म्हणा. होळी झाली की गच्ची ब्रशने घासून धुवायची, चुना रात्रभर भिजवून गाळायचा, त्यात थोडा फेविकॉल, आणि ऊन उतरल्यावर मारायचा, तापलेल्या स्लॅबवर मारला तर पापुद्रे निघतात. पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो.