अनुभव धागा: मैत्रिणींसोबत जुन्या कपड्यांच्या शोधात

निळाई (छत्रपती संभाजीनगर)
काल रेशमी कपड्यांच्या घड्या बदलताना हिमरूची, म्हणजे सूत आणि रेशीम मिळून विणलेल्या नक्षीदार कापडाची, जुनी शाल हाती आली आणि १९९८ मधला एक रविवार जसाच्या तसा समोर उभा राहिला. विद्यापीठाच्या वसतिगृहात आम्ही तिघी एका खोलीत राहत होतो आणि महिन्यातून एकदा तरी जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जात होतो. तेथे जुनी भांडी आणि लोखंडी सामान यांच्या पलीकडे जमिनीवर चादर अंथरून वापरलेल्या कपड्यांचे ढीग मांडलेले असत. त्या ढिगात मला गर्द जांभळ्या रंगाचे एक टोक दिसले आणि मी ते ओढून काढले. मला केवळ रंग दिसला होता. आमच्यापैकी एक जण जवळच्याच नवाबपुऱ्यात, हिमरूच्या मागांचा आवाज ऐकत लहानाची मोठी झाली होती. तिने शाल हातात घेताच आधी उलटी केली. ताणा म्हणजे उभे धागे सुती, बाणा म्हणजे आडवे धागे रेशमी आणि नक्षीत न लागणारे धागे मागच्या बाजूला सैल सुटलेले, हे दाखवून तिने सांगितले की ही हिमरूच आहे. दुसरीने शाल उजेडाकडे धरली, तेव्हा एका कोपऱ्यात कसर लागल्याची तीन छिद्रे दिसली. एकटी असते तर मी ती पाहिलीच नसती. छिद्रांमुळे भाव एकशेवीसवरून नव्वदवर आला, आम्ही तीस-तीस रुपये घातले आणि पुढे माझ्या लग्नात दोघींनी आपापला वाटा सोडून दिला.
जुना कपडा घ्यायला एकटीने जाऊ नये, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे. आपण आपल्या आवडीत गुंतलेलो असतो, तेव्हा सोबतची नजर कापडावर असावी लागते. आपणही आपले अनुभव लिहावेत.

गोदाकाठ (नांदेड)
आम्ही चार मित्र होतो. युवक महोत्सवासाठी आमची एकांकिका निजामी राजवटीच्या अखेरच्या दिवसांवर, म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या सुमारास घडणारी होती आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यासाठी शेरवानी हवी होती. भाड्याने मिळणाऱ्या शेरवान्या लग्नातल्या, चमकदार होत्या. इतवाऱ्यात एका वृद्ध शिंप्याकडे चौकशी केली, तेव्हा त्यांनी पेटीतून काळ्या लोकरी कापडाची, गळ्यापर्यंत बंद होणारी शेरवानी काढली. आतून पट्ट्यापट्ट्यांचे मशरूचे अस्तर होते. मशरूत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. वरचा पृष्ठभाग रेशमी झळाळतो, पण अंगाला लागते ते सूत. पुरुषांनी निव्वळ रेशीम अंगाला लावू नये, हा मुस्लिम समाजातील संकेत पाळूनही रेशीम वापरता यावे म्हणून हे कापड विणले जात असे, हे त्या चाचांनी आम्हाला बोट ठेवून समजावले. शेरवानी आमच्या नटाला छातीत अपुरी होती, परंतु जुन्या शिवणीत भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, सोडलेली होती आणि ती उसवून दोन बोटे वाढवता आली. हल्लीच्या तयार कपड्यांत इतकी माया कोणी ठेवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

काठपदर (धाराशिव)
निळाईताई, तुमचा धागा वाचून आनंद झाला आणि जुनी खंतही जागी झाली. आमच्या दारावर 'जुन्या जरीच्या साड्या' अशी हाळी देत माणसे येत असत. आईच्या दोन पैठण्या तशाच वजनावर गेल्या. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचे पाणी दिलेली चांदीची तार. म्हणून साडी जाळून चांदी वेगळी काढली जाते. आईला मिळालेल्या पैशांत त्या वर्षीची शाळेची फी भरली गेली, त्यामुळे मी तिला कधीही दोष दिला नाही.
नोकरी लागल्यावर मात्र तशी एक जुनी पैठणी घरात परत आणायची, हे मी ठरवले आणि जिवलग मैत्रिणीला घेऊन थेट पैठण गाठले. पहिल्या घरी दाखवलेली साडी जुनी म्हणून सांगितली होती. मैत्रिणीने काठ उलटा केला, तर मागे कापलेले धागे लोंबत होते. हातमागाच्या पैठणीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, कारण दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवून तो विणलेला असतो. आम्ही नम्रपणे निघालो. पाचव्या ठिकाणी आजीबाईंनी स्वतःची साडी उलगडली, तेव्हा घडीच्या रेषेवर रेशीम विरलेले होते, पण काठ मात्र शाबूत होता. ती मी घेतली. घरी आणून आईच्या मांडीवर ठेवली, तेव्हा ती बराच वेळ काठावरून हात फिरवत राहिली.

मोगरा (परभणी)
काठपदरताई, शेवटचे वाक्य दोनदा वाचले. आमच्या घरचीही एक अशीच गेली.

नवीनसदस्य (बीड)
माझ्याकडे मैत्रिणीसोबत घेतलेला जुना रेशमी झंपर आहे. डांबराच्या गोळ्यांचा वास महिनाभर गेलेला नाही. कोणी उपाय सांगेल का?

निळाई
उन्हात मुळीच टाकू नका, रंग उडेल. सावलीत, वाऱ्यावर आठ-दहा दिवस टांगून ठेवा आणि रोज बाजू बदला. धुवायचाच असेल तर आधी ओले पांढरे फडके आतल्या शिवणीवर दाबून रंग सुटतो का ते पाहा. सुटत नसेल तर रिठ्याच्या गार पाण्यातून हलकेच काढा, पिळू नका. पुन्हा ठेवताना सुती कापडात गुंडाळून कडुलिंबाची वाळलेली पाने ठेवावीत.

वाकळ (लातूर)
आम्ही पाच जणी, सगळ्या साठीच्या पुढच्या, दर दिवाळीनंतर वाकळीसाठी जुनी लुगडी घ्यायला गंजगोलाईत जातो. जुने सुती लुगडे धुऊन धुऊन इतके मऊ झालेले असते की वाकळीला त्याच्यासारखे दुसरे कापड नाही. तीन वर्षांपूर्वी एका गाठोड्यात हिरवे लुगडे निघाले. मी ते फाडण्यासाठी दातांनी कडा धरली होती, तेवढ्यात आमच्या आक्कांनी माझा हात धरला. त्यांचे माहेर कर्नाटकाच्या सीमेवरचे. त्यांनी पदर जिथे अंगाला मिळतो त्या जोडावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "हे इरकल आहे, टोप पदराचे. इथे पदराचा ताणा वेगळा लावून फासे अडकवून जोडलेला आहे." तांबड्या पदरावरची पांढरी शिखरे धुळीमुळे आम्हाला दिसलीच नव्हती.
ते लुगडे फाडले नाही. दोन ठिकाणी विरले होते तेथे दंड घातला, म्हणजे विरलेला भाग काढून कडा पुन्हा जोडून शिवल्या. तेव्हापासून प्रत्येक नवरात्रात ते एकीकडून दुसरीकडे जाते. यंदा ते माझ्याकडे आहे.