टेबलाखालच्या वायरींचं काय करू?

प्रश्न: घरून काम करते. चार फुटी टेबलाखाली लॅपटॉपचा अडॅप्टर, मॉनिटर, राउटर, प्रिंटर, सगळ्यांचा नुसता गुंता. काल केर काढताना झाडू अडकला आणि ऐन मीटिंगमध्ये राउटर बंद! घर भाड्याचं, भिंतीला भोक पाडता येत नाही.

प्रतिसाद १: भिंत कशाला? एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या फळीला खालून स्क्रूने बसवा. मग सॉकेटकडे एकच वायर जाते.

प्रतिसाद २: प्लॅस्टिकचे टाय नकोत, वेल्क्रोच्या पट्ट्या घ्या. टाय कापताना मी माउसची वायरच कापली होती. आणि अडॅप्टर डब्यात कोंबू नका, तापतात.

प्रश्नकर्ती: बोर्ड बसवला! प्रिंटरची म्हणून जपलेली एक वायर कधीच भंगारात गेलेल्या स्कॅनरची निघाली.