टेस्ट हिरवी, पण पान ५०० देतंय: स्टेटस कोड तपासायचा कुठे?

मांडवीकर
बडोद्यातल्या एका वाचनालयाची पुस्तकं राखून ठेवायची साइट आहे. टेस्ट पायथन आणि सेलेनियममध्ये (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन). पुस्तकाचं पान ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड सांगणारा स्टेटस कोड) देत होतं तरी टेस्ट पास झाली, कारण ती फक्त वरची पट्टी दिसते का एवढंच बघते. सेलेनियमच्या ड्रायव्हरमध्ये (वेबड्रायव्हरमध्ये) स्टेटस कोड देणारी मेथड सापडत नाही. प्रत्येक पानाला २०० (सगळं ठीक) येतो का, हे कसं तपासू?

रावपुरा_क्यूए
तशी मेथड नाहीच. वेबड्रायव्हर वापरणाऱ्याला दिसतं तेवढंच हाताळतो, कोड मुद्दामच बाहेर ठेवलाय. ब्राउझरच्या टेस्टमध्ये पुस्तकाचं नाव आणि ‘राखून ठेवा’ बटण शोधा. पट्टी तर एररच्या पानावरही असते. कोडसाठी ब्राउझरशिवाय थेट सर्व्हरला विचारणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीची वेगळी टेस्ट लिहा, ड्रायव्हरमधल्या कुकीज (लॉगिनची ओळख) तिला द्या आणि ‘अलाउ_रिडायरेक्ट्स’ फॉल्स ठेवा. हे विसरलात तर सेशन संपल्यावर सर्व्हर ३०२ देऊन लॉगिनकडे पाठवेल, गेट रिक्वेस्ट निमूट मागोमाग जाईल आणि लॉगिनच्या पानाचा २०० बघून टेस्ट पास होईल. फसवी टेस्ट नसलेल्या टेस्टपेक्षा वाईट.

शिवाय सगळीकडे २०० हवा हा आग्रह सोडा. नवी नोंद २०१, फॉर्मनंतर दुसऱ्या पानावर नेताना ३०३, लॉगिन नसताना एपीआयकडून (पानाला माहिती पुरवणारा सर्व्हरचा भाग) ४०१, लॉगिन असून परवानगी नसेल तर ४०३. नोंद रद्द केल्यावर २०४ येत असेल तर बॉडी रिकामी असते, तिथे जेसन (माहितीचा मजकूर) वाचायला गेलात की टेस्ट फुटते.

सुरसागर_काठ
प्लेराइटवर (सेलेनियमसारखंच साधन) जाणार असाल तर ‘गोटू’ (पान उघडणारी मेथड) रिस्पॉन्स परत देतं, त्यावर ‘स्टेटस’ वाचता येतो. मात्र ४०४ (पान सापडलं नाही) किंवा ५०० आला म्हणून ते स्वतःहून फेल होत नाही, तपासणी तुम्हीच लिहायची. रिडायरेक्ट झालं असेल तर शेवटचाच रिस्पॉन्स मिळतो.

साइट रिअ‍ॅक्टची (पान ब्राउझरमध्येच रचणारी लायब्ररी) आहे का? तसं असेल तर सर्व्हर बहुधा कुठल्याही पत्त्याला तेच इंडेक्स पान २०० सह देत असेल, आणि खरा ५०० मागून येणाऱ्या एपीआय कॉलमध्ये असेल.

मांडवीकर
हो, रिअ‍ॅक्टच आहे. मग सगळे रिस्पॉन्स ऐकून ४०० च्या वरचा कोणताही कोड आला की टेस्ट फेल करू?

सुरसागर_काठ
‘पेज.ऑन’ने रिस्पॉन्स ऐका, पण गोटूच्या आधी लावा, नाहीतर सुरुवातीचे कॉल निसटतात. फक्त आपल्या डोमेनचे एपीआय मार्गच तपासा. फेव्हिकॉनच्या (टॅबवरच्या छोट्या चिन्हाच्या) ४०४ ने टेस्ट पडायला नको. चुकीच्या पासवर्डच्या टेस्टमध्ये ४०१ हेच बरोबर उत्तर, तिथे तो अपेक्षित म्हणून लिहून ठेवा.